कोंडा, चिखल्या, गजकर्ण, इसब

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. त्यामुळे गेल्या चार वर्षांत माझ्या सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे उठवणाऱ्या आजाराच्या, कागदांच्या ज्या शेकडो प्रती काढाव्या लागल्या, त्यांचा खर्च तेवढा वाचला. बाकीचा वाचला नाही, तो पुढे येईलच. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पहिल्यांदाच सहा महिन्यांनंतरची तारीख दिली आणि फाईल टेबलावरून कपाटात गेली. दुकानात प्रती काढता काढता एखादं गिऱ्हाईक हळूच बाही वर सरकवतं आणि विचारतं, "तुमचं ते काय हो झालं होतं? हे बघा जरा." मी डॉक्टर नाही, बघून काही सांगू शकत नाही. माझं काय काय झालं आणि कुठे कुठे चुकलं, ते मात्र सांगू शकतो.

सुरुवात कोंड्यापासून. २०१३-१४ च्या सुमारास डोक्यात कोंडा झाला. काळ्या शर्टावर दिसायचा म्हणून मी काळे शर्ट घालणं सोडलं आणि प्रश्न मिटला असं समजलो. तसा हा कोंडा जरा वेगळाच होता. खाजवला की भुरभुर पडण्याऐवजी जाड, चंदेरी पापुद्रा निघायचा आणि खाली रक्ताचा बारीक ठिपका दिसायचा. कपाळावर तो केसांची रेघ ओलांडून बोटभर पुढे आला होता, कानांमागेही होता. जाहिरातीतले सगळे शाम्पू झाले. डॉक्टरकडे गेलो नाही. कोंड्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं? हे लक्षात ठेवा, पुढे विमा कंपनीशी भांडताना तेच कामाला आलं.

हाताच्या दोन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डेही होते. आणि घरात अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही कोपरांवर माझ्या लहानपणापासून जाड खपल्यांचे चट्टे. त्याला आम्ही सगळे इसब म्हणायचो. आजी त्यावर उंडीचं तेल लावायची, ती गेल्यावर अण्णा स्वतः लावायला लागले. माझा कोंडा, माझी नखं आणि अण्णांची कोपरं एकाच घराण्यातली आहेत, हे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. चिपळूणकरांना ही तारीख सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगितली. माझ्या दुकानात पाणी डोक्याच्या वर होतं. दोन मशीन गेली. शाळा कधीतरी उघडतील या आशेवर भरून ठेवलेल्या वह्यांचा लगदा झाला. पुढचे पंधरा दिवस आम्ही चिखल उपसत होतो. हाताला पत्रे कापलेले, पायाच्या बोटांत चिखल्या, पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाला प्रतिबंध म्हणून गोळ्या चालू आणि पंचनाम्याची वाट.

ऑगस्टच्या मध्याला घसा धरला, ताप आला. कोविडची चाचणी निगेटिव्ह आली आणि घरात सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की घशाकडे पुन्हा कुणी पाहिलंच नाही. ताप उतरल्यावर साधारण पंधरवड्याने, ऐन गणपतीच्या तोंडावर, पोटापाठीवर लाल ठिपके उठले. मसुराच्या दाण्याएवढे, शंभरेक तरी असतील, वर बारीक पापुद्रा. ओळखीच्या डॉक्टरांनी पुराच्या पाण्याची अॅलर्जी म्हणून खाजेच्या गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही. त्या महिन्यात अख्खं चिपळूण काही ना काही खाजवत होतं.

नंतर समजलं ते असं. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू झाले की दोन-तीन आठवड्यांनी काही जणांना असे थेंबांसारखे ठिपके उठतात. त्याला गटेट सोरायसिस म्हणतात, लॅटिनमध्ये गटा म्हणजे थेंब. मुलांत आणि तरुणांत जास्त दिसतो, मी चाळिशी ओलांडलेला. बऱ्याच जणांचा तो काही महिन्यांत आपोआप जातो आणि काहींचा पुढे कायमच्या चट्ट्यांकडे वळतो. मी दुसऱ्या रांगेतला.

१० सप्टेंबरला गणपती बसले. आरतीनंतर मी प्रसाद वाटत होतो. एका मावशीने माझ्या हातचा मोदक घेतला, कपाळाला लावला आणि अंगणात जाऊन तुळशीपाशी ठेवला. मी पाहिलं हे तिने पाहिलं. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

ऑक्टोबरमध्ये काखेत आणि जांघेत लाल, गुळगुळीत चट्टे आले. तिथे खपली नव्हती, कारण घड्यांत घामाने ती टिकत नाही. याला इन्व्हर्स, म्हणजे उलटा सोरायसिस म्हणतात. मी मात्र कोकणातला माणूस, जांघेत लाल चट्टा म्हणजे गजकर्ण. मेडिकलवाल्याने न विचारता ट्यूब काढून दिली. आठ दिवसांत साफ! नववा दिवस उजाडला तसा चट्टा आधीपेक्षा मोठा. मग दुसरी ट्यूब. अशा सहा झाल्या. सातव्या वेळी बायकोने चष्मा लावून वेष्टन वाचलं. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकाच नळीत. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये झाला आहे. जांघेतल्या पातळ कातडीवर त्या ट्यूबांनी उमटवलेल्या पांढुरक्या रेघा आजही तशाच आहेत. त्या जाणार नाहीत.

दिवाळीपर्यंत ठिपके एकमेकांना मिळून रुपयाएवढे, मग तळहाताएवढे चट्टे झाले. कोपरं, गुडघे, कंबर. पत्र्याने जिथे कापलं होतं, नेमक्या त्या रेषेवर एक सरळ पट्टाच उठला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की सोरायसिसच्या माणसाला खरचटलं, भाजलं, टाके पडले की जखमेच्या जागी चट्टा उठू शकतो. कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच ते लिहून ठेवलंय. म्हणून घासणीने खपल्या काढणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा, आणि तो मी रोज अंघोळीला करत होतो.

त्याच सुमाराला सलूनमध्ये गेलो. दोन खुर्च्या रिकाम्या, आणि पंधरा वर्षांचा ओळखीचा माणूस म्हणतो, "भाऊ, आज गर्दी आहे, उद्या या." उद्या गेलो नाही. पुढचे सहा महिने बायकोने घरीच केस कापले. चांगले कापायची असं नाही म्हणणार. ती रोज सकाळी गादीखालचा केर काढताना म्हणायची, "आज केरात निम्मे तुम्हीच आहात." आम्ही हसायचो, कारण दुसरं करणार काय?

त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला तेव्हाच हवं होतं. घाटापलीकडे कराडला जावं असं ठरलंही होतं. पण एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. खाजगी गाडीला पैसे नाहीत, दुकान नुकतं उभं राहतंय. ही कारणं खरी आहेत. चार लोकांत शर्ट काढायची लाज होती, हे त्यांच्याहून खरं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका नातेवाइकाने "हमखास" औषध देणाऱ्याचा पत्ता दिला. कागदाच्या पुड्या, महिन्याला १,८०० रुपये, आंबट-तेलकट वर्ज्य. पंधरा दिवसांत चट्टे मावळले. भूक वाढली, चेहरा गोल झाला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. मीच चार जणांना तो पत्ता दिला, आणि हे लिहिताना त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मेच्या मध्यावर पुड्या देणारा कुठल्याशा लग्नाला गावी गेला आणि माझा साठा संपला. दहाव्या दिवशी मी डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो. चट्टे उरलेच नाहीत, कारण चट्ट्यांच्या मधली चांगली कातडीही लाल झाली होती. अंगाची आग, पाय सुजलेले, अंथरुणात ओंजळभर पापुद्रे. आणि थंडी! मेच्या उकाड्यात दोन गोधड्या घेऊन मी कुडकुडत होतो. २७ मे ला मेव्हण्याच्या गाडीत काचा बंद करून कुंभार्ली घाट चढलो. बाकीचे घामाघूम, मी शाल गुंडाळून.

रुग्णालयात अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझा शर्ट वर केला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, कसली औषधं बंद केली?" चट्टे किती दिवसांचे, खाज किती, हे सगळं नंतर. बायकोने पिशवीतून पुडीचा रिकामा कागद काढून दिला. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फार कमी निघालं. बाहेरून बराच काळ स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, त्याची ती खूण. पुडीत ते होतं का याची तपासणी कुणी केली नाही, म्हणून मी ठामपणे म्हणत नाही. पण पोटातलं स्टेरॉइड एकदम थांबलं की दबलेला सोरायसिस असा उफाळून येतो, हे मला त्या दिवशी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं.

याचं नाव एरिथ्रोडर्मिक सोरायसिस. अंगाचा जवळजवळ ९० टक्के भाग लाल होतो. कातडी हे शरीराचं कुंपण, ते पडलं की उष्णता, पाणी, प्रथिनं बाहेर जातात आणि जंतू आत येतात. म्हणून ती थंडी, म्हणून पायांची सूज. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर घरी थांबायचं नसतं. असंच दुसरं तातडीचं रूप म्हणजे अंगभर पांढऱ्या पुळ्या आणि ताप येतो ते, पश्चुलर. त्या पुळ्यांत पू दिसला तरी जंतू नसतात. माझ्या शेजारच्या खाटेवर तसा एक तरुण मुलगा होता.

नऊ दिवस राहिलो. दिवसातून चार वेळा अंगभर पॅराफिनचं मलम, अंडी, सलाइन आणि रोगप्रतिकारक शक्तीला आवर घालणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल. पाठीवरची पेन्सिलच्या टोकाएवढी कातडी काढून बायॉप्सी केली, एक टाका पडला, १,२०० रुपये लागले, रिपोर्ट आठव्या दिवशी. ऐकायला भयंकर वाटतं, पण बधिर करायच्या सुईपलीकडे काहीही दुखलं नाही. एकूण बिल ३१,००० च्या आसपास.

घरी जाताना त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. कातडीची पेशी खालून वर येऊन गळून पडायला एरवी महिनाभर घेते, सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच वर येते. पक्की व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून खपल्या. आणि ही घाई लावते कोण? आपलीच रोगप्रतिकारक शक्ती, नसलेल्या शत्रूवर चाल करून. कल घराण्यातून येतो, भडका घसादुखी, ताण, जखम, दारू, काही औषधं अशा कशानेही उडतो. स्पर्शाने, टॉवेलने, एका ताटात जेवल्याने तो कुणालाही होत नाही. मी हे दोनदा विचारलं. मुलगी दहावीला होती आणि वर्षभर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता.

पुढची दोन वर्षं त्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरचं बाकडं हीच माझी शाळा. केसपेपर सकाळी साडेआठला, नंबर साडेअकराला. पहिल्या भेटीत मला वाटायचं सोरायसिस म्हणजे मी. तिथे पाटणकडच्या एक आजी यायच्या. त्यांच्या फक्त तळहातांना आणि तळपायांना भेगा, बाकी अंग स्वच्छ. भाकरी थापली की रक्त यायचं. आठ वर्षं त्यांना साबणाची अॅलर्जी सांगितली होती. एका शिक्षकांची फक्त नखं जाड आणि पिवळी, बुरशीच्या गोळ्या दोनदा पूर्ण केलेल्या. एका कॉलेजच्या मुलीचं फक्त डोकं, म्हणजे माझा २०१४ चा कोंडा. सगळ्यात जास्त होते ते साध्या चट्ट्यांचे, प्लाक सोरायसिसवाले. दर दहांत आठ-नऊ जणांचा हाच असतो. शेवटच्या बसच्या काळजीत आम्ही एकमेकांची कोपरं बघत बसायचो. माझ्यापुरतं सांगायचं तर शर्ट काढायची लाज या बाकड्यावर गेली, औषधाने नाही.

आता विमा. माझी पॉलिसी मार्च २०१९ ची. दाखल झालो तेव्हा कुणीतरी केसपेपरवर लिहिलं होतं, "आठ वर्षांपासून डोक्यात." झालं! कंपनीचं पत्र आलं की आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, चार वर्षांची प्रतीक्षा पूर्ण नाही, दावा नामंजूर. आठवडाभर नुसता चिडून होतो. मग पॉलिसीची बारीक अक्षरं मोठी करून झेरॉक्स काढली, शेवटी धंदा तोच. तेव्हाच्या, म्हणजे २०२२ च्या, नियमात आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ४८ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतलेला. मी तर कोंड्यासाठी कधी कुणाकडे गेलोच नव्हतो. डॉक्टरांकडून "निदान प्रथम जून २०२२ मध्ये" असं सहीशिक्क्याचं पत्र घेतलं, तक्रार निवारण विभागाला पाठवलं, पोच जपून ठेवली. चार महिने आणि तीन स्मरणपत्रांनंतर २४,६०० रुपये आले. डॉक्टरांना इतिहास खराच सांगा, काही लपवू नका. पण "त्रास कधीपासून" आणि "निदान कधी झालं" हे दोन्ही वेगवेगळं लिहिलंय ना, ते डिस्चार्ज कार्ड हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा.

सायक्लोस्पोरिनने भडका लवकर विझला, पण ते फार काळ चालवत नाहीत. बीपी आणि क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीवर, सारखं लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मेथोट्रेक्सेटवर आणलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. पुन्हा लिहितो, आठवड्यातून एकदा. औषधाच्या पाकिटावर मेडिकलमधल्या पोराने सवयीने १-०-० लिहून दिलं, म्हणजे रोज सकाळी एक. बायकोने पकडलं. रोज घेतली असती तर तोंडात फोड, रक्तातल्या पेशी घसरणं, जिवावरही बेतलं असतं. मी शनिवार ठरवला. मारुतीला जायचा वार, विसरायची सोयच नाही. इतर दिवशी फोलिक अॅसिड. रविवारी सकाळी मळमळ व्हायची, गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लागलो तशी कमी झाली. आधी दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला आणि पुढे तीन महिन्यांनी रक्त तपासणी, दर वेळी ७०० ते ९०० रुपये. दारू पूर्ण बंद, यकृताचा प्रश्न असतो. मूल हवं असलेल्यांनी हे औषध सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. बाईने ते गरोदरपणात अजिबात घ्यायचं नसतं.

किती बरं वाटतंय याला तिथे आकडे असतात. आपला बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, त्याने चट्टे मोजायचे. आजार किती जोरात आहे ते सांगणारा पासी नावाचा गुणांक ० ते ७२, जास्त म्हणजे वाईट. मी डिस्चार्जनंतर २१, डिसेंबरमध्ये ८. जास्त आवडली ती दहा प्रश्नांची एक प्रश्नावली. कपडे निवडताना त्रास झाला का, लाज वाटली का, जवळच्या माणसांशी अडचण आली का. हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तरं लिहिताना पेन थांबलं होतं.

उरलेल्या चट्ट्यांसाठी एप्रिल २०२३ ला फोटोथेरपी सुरू केली. माझ्या दुकानात पूर्वी एसटीडीचा बूथ होता, तेवढीच ती पेटी, आत चहूबाजूंनी उभ्या ट्यूब. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश. डोळ्यांवर काळा चष्मा, नको ते झाकून उभं राहायचं. पहिल्या दिवशी पाऊण मिनिटसुद्धा नाही, मग हळूहळू वाढवतात. सिटिंगचे १५० रुपये. पण आठवड्यातून तीनदा यायचं, आणि माझं येणं-जाणं सहा तासांचं. एसटीचं भाडं सिटिंगपेक्षा महाग. बहिणीकडे पाटणला राहून अकरा सिटिंग केल्या. पंचवीस-तीस लागतात. जूनमध्ये पावसाने घाट धरला आणि दुकानही हाक मारायला लागलं, मी सोडून दिलं. गुण येत होता. ज्यांच्या गावात ही पेटी आहे त्यांनी आळस करू नये.

नोव्हेंबर २०२३ ला उजव्या पायाचं चौथं बोट वेलची केळ्यासारखं टम्म फुगलं. टाच अशी दुखायची की सकाळी पहिली दहा पावलं भिंत धरून. तासाभराने सैल पडायचं. हाडांच्या डॉक्टरांनी युरिक अॅसिड पाहिलं, नॉर्मल. आमवाताची तपासणी निगेटिव्ह. वेदनाशामक गोळ्या, महिना गेला. मी त्यांना सोरायसिसचं बोललोच नाही. टाचेचा आणि कातडीचा काय संबंध? जानेवारीत पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेलो, तपासणी फी १,२००. त्यांनी पायाच्या आधी माझी नखं हातात धरून पाहिली. त्या टाचणीच्या खड्ड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे किती वर्षं आहेत?" दहा वर्षं. सोरायसिसच्या दर दहांतल्या दोन-तीन जणांना सांधे धरतात. नखं खराब असलेल्यांना धोका जास्त, आणि उशीर झाला तर सांध्याची झीज भरून येत नाही. अंगावर एकच चट्टा असेल तरी सकाळी सांधे आखडले, बोट फुगलं, टाच दुखली, तर त्वचेच्या डॉक्टरला त्याच भेटीत सांगा. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला सोरायसिस आहे हे आधी सांगा. रक्तदाबाची बीटा ब्लॉकर्स, लिथियम, क्लोरोक्विन अशी काही औषधं तो भडकवू शकतात.

आता सांध्यांसाठी ठरलेलं इंजेक्शन, अडॅलिम्युमॅब. टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा निरोप मध्येच अडवणारं. देण्याआधी एक्सरे, कावीळ ब आणि क, एचआयव्ही, आणि टीबीच्या तपासणीची हातावरची सुई. माझी ती जागा १६ मिलिमीटर फुगली. एक्सरे स्वच्छ. म्हणजे टीबी झालेला नाही, पण त्याचे जंतू अंगात झोपलेले आहेत. इंजेक्शनने पहारा ढिला झाला की ते उठू शकतात. म्हणून आधी प्रतिबंधक उपचार, रोज आयसोनियाझिड ही टीबीची गोळी आणि ब६ जीवनसत्त्व, सहा महिने. सरकारी दवाखान्यात टीबी विभागात नोंद केली, आधार कार्ड आणि पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र लागलं, गोळ्या फुकट मिळाल्या. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी मास्क लावून गेलो. ज्याने कातडीवरून एवढं सोसलं तोच टीबीच्या रांगेत तोंड लपवत होता, असा माणूस असतो. महिनाभर गोळ्या झाल्यावर ११ मार्च २०२४ ला पहिलं इंजेक्शन.

विम्याचा दुसरा अंक इथे. कंपनी म्हणाली, हे बाह्यरुग्ण उपचार, बसत नाहीत. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आधुनिक उपचारांची यादी होती, त्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचं नाव होतं, माझं इंजेक्शन त्याच गटातलं. मात्र दाखल होऊन किंवा डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्णालयात रात्र न काढता, दिलं तरच. घरी फ्रीजमधून काढून पोटात टोचलं तर नाही. मी त्याची प्रत जोडली, पहिली तीन डॉक्टरांच्या देखरेखीखाली डे-केअरमध्येच घेतली, मर्यादा लावून निम्म्याहून थोडे जास्त पैसे मिळाले. नंतरची घरीच, दर पंधरा दिवसांनी, प्रत्येकी ९,२०० खिशातून. छापील किंमत बघून घाबरू नका, दोन-तीन वितरकांना विचारा, माझा फरक हजारांत होता. इंजेक्शन बर्फाच्या पिशवीतून आणायचं, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बायको फ्रीजला सुतळी बांधून ठेवते. कोळंबी खराब झाली तर चालेल म्हणते.

सहा आठवड्यांत बोट उतरलं. चार महिन्यांत कोपरं साफ, पासी १. डोक्यात थोडं आहे, थंडीत वाढतं, खोबरेल आणि टारचा शाम्पू पुरतो. पाठीवर तपकिरी डाग राहिलेत. सर्दी-तापात इंजेक्शन पुढे ढकलतो. सलूनही बदललं. आता जातो तो पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, माझ्या बापाला पण आहे," आणि कात्री चालवायला लागला.

जुलै २०२४ च्या तारखेला अण्णा बरोबर आले होते, नुसते सोबतीला. उकडत होतं म्हणून त्यांनी बाह्या दुमडल्या. डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या रिपोर्टवरून त्यांच्या कोपरांवर गेलं. "आजोबा, हे कधीपासून?" अण्णा म्हणाले, "हे इसब. पन्नास वर्षं झाली." त्यांनी कोपर उजेडाकडे वळवलं, नखं पाहिली, सांधे दाबून पाहिले आणि सांगितलं की हे इसब नाही, तुमच्या मुलाचंच आहे, सौम्य आहे, रात्री लावायला एक मलम देते. अण्णांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. बस कोयनानगरला थांबली तेव्हा म्हणाले, "मग ते उंडीचं तेल आता काय करायचं? अर्धी बाटली आहे."